नेपल्सच्या संग्रहालयातले ब्राँझ पुतळे नेमके कोणाचे, ग्रीकांचे की रोमनांचे?

रानजाई

नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात एका तरुणाचं ब्राँझचं शीर आहे. केस कपाळावर चपटे बसवलेले, बट न् बट वेगळी. डोळे गेलेत, खोबणी तेवढ्या उरल्यात. खालच्या कडेवर ग्रीक अक्षरांत सही आहे : आर्किआसचा मुलगा अपोलोनिओस, अथेन्सचा, याने केलं.

हे शीर डोरिफोरॉसचं, म्हणजे भालाधारी तरुणाचं. आर्गोसच्या पॉलिक्लायटसने इ.स.पू. ४४०च्या सुमारास तो पुतळा ब्राँझमध्ये केला आणि माणसाच्या शरीराची प्रमाणं त्यात बांधून दाखवली. ते मूळ ब्राँझ नाहीसं झालं. संगमरवरी प्रती बऱ्याच आहेत आणि त्यांतली पॉम्पेईची सगळ्यांत चांगली टिकलेली प्रत याच संग्रहालयात उभी आहे. अपोलोनिओसचं शीर मात्र हर्क्युलेनियमच्या 'व्हिला देई पापिरी' या समुद्रकाठच्या हवेलीतलं. इ.स. ७९ला व्हेसुव्हियसने ती गाडली. पुढे १७५०पासून राजाच्या हुकमावरून तिथे बोगदे खणले गेले आणि कार्ल वेबर या स्विस इंजिनिअरने तिचा नकाशा काढला. प्राचीन ब्राँझ पुतळ्यांचा एवढा मोठा साठा एका घरातून दुसरीकडे कुठेही निघालेला नाही.

माझा प्रश्न असा आहे. पुस्तकांत हे शीर 'पॉलिक्लायटसच्या पुतळ्याची रोमन प्रत' एवढ्यावर संपतं. पण सही अपोलोनिओसची आहे. पॉलिक्लायटसचं नाव त्याने घेतलेलंच नाही. माणूस अथेन्सचा, गिऱ्हाईक रोमन, घडण साडेतीनशे-चारशे वर्षं जुनी. मग आपण समोर पाहतो ते काम कोणाचं मानायचं? मला वाटतं, अपोलोनिओसचं. तुम्हाला काय वाटतं?

चाफेकळी

वाचनखूण साठवली. रानजाई, फोटो काढले असशील तर टाक ना, विशेषतः केसांचे.

बखरीबाहेर

धागा आवडला. आधी थोडी पार्श्वभूमी देतो, कारण 'रोमन प्रत' म्हटलं की रोमनांनी बसून नकला केल्या असं चित्र उभं राहतं.

इ.स.पू. १४६मध्ये रोमन सेनापती मुम्मिअसने ग्रीसमधलं कॉरिंथ लुटलं आणि तिथले पुतळे जहाजांत भरून इटलीला पाठवले. रोमन इतिहासकार वेल्लेइअस पातेर्क्युलस सांगतो की मुम्मिअसने वाहतूकदारांना बजावलं होतं, यातलं काही हरवलं तर त्याच्या बदल्यात नवं करून द्यावं लागेल! वेल्लेइअसने हे त्याचं अडाणीपण म्हणून सांगितलंय. पण पुढच्या दोन पिढ्यांत रोमन श्रीमंतांची नजर तयार झाली. इ.स.पू. ६७च्या सुमारास रोमन वक्ता सिसेरो अथेन्समधल्या आपल्या मित्राला, अॅटिकसला, पत्रांवर पत्रं धाडतोय : पेंटेलिक संगमरवराचे खांब आणि त्यांवर ब्राँझची शीरं, असे जे 'हर्म' तू म्हणालास ते लवकर पाठव. व्हिला देई पापिरीतलं हे शीर अशाच हर्मचं आहे.

लुटीचा माल संपला तरी मागणी संपली नाही. ती ग्रीक कारागिरांनी पुरवली, कुणी अथेन्समध्ये बसून तर कुणी इटलीत येऊन. म्हणजे 'रोमन ब्राँझ'मधलं रोमनपण बहुतेक वेळा पैशाचं आणि जागेचं, हात ग्रीकच.

कोरीव

रानजाई, असहमत.

मी शिल्पकलाच शिकलोय, म्हणून मनापासून लिहितो. डोरिफोरॉसमध्ये नवं काय होतं? वजन एका पायावर, दुसरा पाय सैल, त्यामुळे कमरेची रेषा एकीकडे कललेली, खांद्यांची उलटीकडे, आणि तरी सगळा देह शांत. आज वर्गात पहिल्या वर्षाला हे शिकवतात, पण ते कुणाला तरी पहिल्यांदा दिसावं लागलं. मातीत ते उभं करताना पॉलिक्लायटसने किती वेळा मोडून पुन्हा केलं असेल! अपोलोनिओससमोर उत्तर तयार होतं. त्याची छिन्नी उत्तम आहे, केस अप्रतिम आहेत, मान्य. पण दुसऱ्याने शोधलेल्या देहाचा वरचा तुकडा त्याने ओतला आणि सही केली.

आणि रोमन लोकांनाही हा फरक कळत होता. रोमन लेखक प्लिनीने लिहिलंय की ग्रीक शिल्पकार लिसिपॉसचा अॅपॉक्झिओमेनॉस, म्हणजे अंगावरचं तेल-धूळ खरवडून काढणारा मल्ल, अग्रिप्पाने आपल्या स्नानगृहासमोर उभा केला होता. तिबेरिअस बादशहाला तो इतका आवडला की त्याने तो आपल्या शयनगृहात हलवला आणि त्या जागी दुसरा पुतळा ठेवला. लोकांनी नाट्यगृहात एवढा आरडाओरडा केला की त्याला तो परत आणून ठेवावा लागला. लोकांना बदली पुतळा चालला नाही.

हरकाम्या

बादशहाच्या बेडरूममधून पुतळा परत आणवणारी जनता! आमच्या सोसायटीत लिफ्ट दुरुस्त करून घ्यायला असे चार लोक हवे आहेत.

ओतकाम

कोरीव, तुमचा मुद्दा मातीच्या कामाचा आहे आणि तो खरा आहे. मी ओतकामाच्या बाजूने लिहितो. आमची कोल्हापूरला फाउंड्री आहे. बीड (ओतीव लोखंड) ओततो, ब्राँझ थोडं, पण तत्त्व सारखंच.

मोठा ब्राँझ पुतळा भरीव ओतत नाहीत. धातू निवताना आकसतो, तडे जातात, शिवाय वजन आणि खर्च. म्हणून पोकळ. ग्रीकांची पद्धत अशी : शिल्पकार मातीचा मूळ नमुना करतो. त्यावरून तुकड्या-तुकड्यांचा साचा घेतात. साच्याच्या आत मेणाचा पातळ थर देतात, काही मिलिमीटरचा. पोकळीत मातीचा गाभा भरतात. साचा काढला की गाभ्यावर मेणाचा पुतळा उरतो. त्यावर शिल्पकार पुन्हा हात फिरवतो, केस, ओठ, नखं कोरतो. मग बाहेरून मातीचं वेष्टण, गाभा हलू नये म्हणून आरपार खिळे (आमच्याकडे चॅप्लेट म्हणतात), भट्टीत तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या जागी धातू. डोकं, हात, पाय वेगळे ओतून वितळलेल्या ब्राँझने जोडायचे. जिथे ब्लोहोल (हवेचं भोक) आलं तिथे चौकोनी ठिगळ बसवून घासायचं. ओठांना तांबं, दातांना चांदी, डोळ्यांत काच किंवा दगड.

आता बघा. मूळ मातीचा नमुना या सगळ्यात शाबूत राहू शकतो, आणि साचाही. त्याच साच्यातून दुसरं मेण काढता येतं. म्हणजे पॉलिक्लायटसचं 'मूळ' ब्राँझसुद्धा साच्यातूनच आलेलं असणार, आणि प्रत्येक मेणावर हात वेगळा फिरतो. पेणचा गणपती घ्या. साचा एकच असला तरी डोळ्यांची आखणी कोणी केली यावर मूर्ती ओळखू येते.

एक तांत्रिक गोष्ट. रोमन काळातल्या ब्राँझमध्ये शिसं पुष्कळदा जास्त सापडतं. शिसं तांब्यात विरघळत नाही, बारीक थेंबांसारखं अडकून राहतं, पण धातू पातळ वाहतो आणि साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात जातो. कथलापेक्षा स्वस्तही. प्रयोगशाळेत मिश्रधातू तपासतात तो यासाठीच.

चाफेकळी

ओतकामदादा, हे शाळेत असं कोणी शिकवलं असतं तर! आपल्याकडच्या 'मानसोल्लासा'तही मेणाच्या मूर्तीवर माती लावून धातू ओतायची कृती दिली आहे ना? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, बारावं शतक. मेणाच्या वजनावरून धातू किती लागेल त्याचं गणितही त्यात आहे.

ओतकाम

हो, तेच तत्त्व. ते गणित आम्ही आजही करतो, कागदावर.

रानजाई

सगळ्यांचे आभार. कोरीव, तिबेरिअसची गोष्ट तुमच्या बाजूने जोरदार आहे, मानलं. पण मूळ पुतळा ग्रीसमध्ये असताना इटलीत त्याच मापाचं शीर कसं तयार झालं, तेही बघू.

ग्रीक लेखक लुशियनच्या एका संवादात अथेन्सच्या बाजारचौकातला ब्राँझचा हर्मिस येतो. शिल्पकार रोज साचे घेतात म्हणून तो अंगभर डांबर माखून घेऊन येतो आणि देवांसमोर त्याबद्दल कुरकुरतो. म्हणजे प्रसिद्ध पुतळ्यांवरून थेट साचे घेणं हा नेहमीचा व्यवहार होता.

आणि त्याचा प्रत्यक्ष पुरावा नेपल्सजवळच बायेला मिळाला. १९५४मध्ये तिथल्या रोमन स्नानगृहांच्या परिसरात प्लास्टरचे शेकडो तुकडे सापडले. ते ग्रीक ब्राँझ पुतळ्यांवरून घेतलेल्या साच्यांतून काढलेले ओतीव तुकडे आहेत. त्यांत अॅरिस्टोगायटनचा चेहरा ओळखू आला, क्रिटिऑस आणि नेसिओटेस यांनी इ.स.पू. ४७७मध्ये केलेल्या जुलूमशहाच्या मारेकऱ्यांच्या जोडीतला. ब्राँझ पुतळ्यांना धातूच्या पापण्या असत. साचा घेताना त्या मोडू नयेत म्हणून आधी झाकल्या जात, आणि ती झाकण प्लास्टरमध्ये दिसते. मूळ पुतळ्याच्या पापणीची एवढी काळजी करणाऱ्या माणसांना मी नुसते नकलाकार म्हणू शकत नाही.

बखरीबाहेर

थोडं अवांतर, पण प्रश्नाला धरून. रोमनांसाठीचं सगळं काम हे कुठल्या ठरावीक पुतळ्याची प्रत नसायचं. कधी 'जुन्यासारखं' नवं करून मागत.

लूव्रमधला पिओंबिनोचा अपोलो घ्या. १८३२मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ समुद्रात सापडला. ताठ उभा, केस जुन्या धाटणीचे, पायावर चांदीच्या अक्षरांत अथीनाला अर्पण केल्याचा लेख. पाहणाऱ्याला वाटावं, इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकातला. पण साफसफाई करताना आतून शिशाची पट्टी निघाली, तिच्यावर दोन शिल्पकारांची नावं, एक टायरचा, एक ऱ्होड्सचा. कला-अभ्यासक ब्रुनिल्डे रिजवे यांनी १९६७मध्ये मांडलं की हा पुतळा इ.स.पू. पहिल्या शतकात मुद्दाम जुन्या वळणाने केलेला आहे. दहा वर्षांनी पॉम्पेईत युलिअस पोलिबिअसच्या घरात याचा जवळजवळ जुळा भाऊ सापडला. तिथे तो पाहुण्यांसमोर तबक धरून उभा असायचा. २०१५मध्ये फ्लॉरेन्सच्या प्रदर्शनात दोघांना शेजारी-शेजारी ठेवलं होतं.

हरकाम्या

म्हणजे लूव्रमध्ये मखरात बसलेल्या देवाचा सख्खा भाऊ पॉम्पेईत पंगतीला वाढप्याचं काम करत होता.

पॅसिफिककाठ

लॉस एंजेलिसजवळ राहते, म्हणून गेटी व्हिलाबद्दल लिहिते. मालिबूजवळची ही इमारत १९७४मध्ये उघडली आणि ती वेबरच्या नकाशावरून व्हिला देई पापिरीच्या धर्तीवर बांधली आहे. लांब तळं, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओवऱ्या, आणि मूळ हवेलीत जे पुतळे निघाले त्यांच्या आधुनिक ब्राँझ प्रती. त्या नेपल्सच्या किउराझी ओतशाळेच्या आहेत, जिने मूळ पुतळ्यांवरून साचे घेतले होते. तळ्याच्या टोकाशी झिंगलेला सॅटर (ग्रीक कथांतला वनदेव) हात उंचावून पहुडलाय, बाजूला धावपटूंची जोडी. ग्रीक कल्पना, रोमन हवेलीसाठीचं ब्राँझ, नेपल्सचा साचा आणि समोर पॅसिफिक. रानजाईचा प्रश्न इथे उभं राहून विचारला तर आणखी दोन उत्तरं वाढतात!

पण मला खरं सांगायचंय ते आतल्या दालनातल्या एका हर्मबद्दल. डायोनिससचं शीर, दाढीवाला, डोक्याला गुंतागुंतीची पगडीसारखी गुंडाळी. याचा जोडीदार ट्युनिसच्या बार्दो संग्रहालयात आहे. १९०७मध्ये माहदियाजवळ स्पंज काढणाऱ्या ग्रीक पाणबुड्यांना बुडालेलं जहाज सापडलं, त्यात तो होता. त्यावर सही आहे : काल्केडॉनचा बोएथॉस. गेटीतल्यावर सही नाही. दोघांची घडण एक, पण मिश्रधातू वेगळा आणि बारीकसारीक कोरीवकामही वेगळं. यातला कुठला मूळ? मला तरी हा प्रश्नच लागू पडत नाही असं वाटतं. गिऱ्हाइकाने मागितला की पुन्हा ओतला जाईल, असाच तो घडवलेला होता.

ओतकाम

पॅसिफिककाठ, +१. अशीच आणखी एक जोडी. व्हिएन्नातला अॅपॉक्झिओमेनॉस इफेससला १८९६मध्ये सापडला, २३४ तुकड्यांत, ते जुळवून उभा केला. क्रोएशियाच्या लोशिन्य बेटाजवळ समुद्रातून १९९९मध्ये त्याच घडणीचा दुसरा वर काढला, जवळपास अखंड. तो साफ करताना आत उंदराचं घरटं आणि कुरतडलेल्या बिया निघाल्या! जहाजावर चढण्याआधी तो कुठेतरी बराच काळ आडवा पडून असणार. म्हणजे बहुधा जुना माल पुन्हा विकला जात होता.

चाफेकळी

उंदराचं घरटं!! दोन हजार वर्षं!

मला वेगळ्याच गोष्टीचा त्रास होतोय. हे सगळे पुतळे वाचले ते ज्वालामुखीने गाडले म्हणून, नाहीतर जहाज बुडालं म्हणून. जमिनीवर उरलेले वितळवले, नाणी, भांडी, शस्त्रं झाली.

बखरीबाहेर

आणि गाडलेलेही सगळे वाचले नाहीत. हर्क्युलेनियमला चार घोड्यांच्या ब्राँझ रथाचे तुकडे निघाले होते. अठराव्या शतकात ते अंगणात ढीग करून ठेवले, काही वितळवून राजा-राणीची मुखशिल्पं ओतली. उरलेल्यांतून जोडजोड करून एकच घोडा उभा केला, तो 'माझ्झोक्कीचा घोडा' म्हणून नेपल्सला आहे. जर्मन कला-इतिहासकार विंकेलमानने याबद्दल संताप व्यक्त केला होता आणि तो योग्यच होता.

पंचगंगा

ओतकामसाहेब, कोल्हापूरचे असून तुम्ही आपल्या पॉसायडनचं नाव काढलं नाहीत? मग मीच लिहितो.

ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, पंचगंगेच्या काठी, १९४०च्या दशकात धातूच्या वस्तूंचा साठा निघाला. प्रा. कुंदनगारांमुळे तो जगासमोर आला. पुढे डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी १९४५-४६मध्ये तिथे उत्खनन केलं आणि सातवाहनकालीन वसाहत उजेडात आली. साठ्यात रोमन बनावटीची ब्राँझची सुरई, आरसा, पर्सिअस-अँड्रोमेडाची तबकडी आणि समुद्रदेव पॉसायडनची छोटी मूर्ती. अभ्यासक तिचा संबंध लिसिपॉसच्या पॉसायडनशी जोडतात. म्हणजे या धाग्याचा विषय टाउन हॉलच्या संग्रहालयात काचेआड उभा आहे. उघडा देह, एका पायावर भार, छातीचे-पोटाचे स्नायू इवल्याशा मापात पण बरोबर.

ही मूर्ती ज्याने इथवर आणली त्याला लिसिपॉस ठाऊक असेल का, मला नेहमी वाटतं. बंदरातून घाट चढून आलेल्या व्यापाऱ्याला तो दर्याचा देव म्हणून हवा असेल, किंवा इथल्या एखाद्या श्रेष्ठीला परदेशी वस्तू म्हणून.

बखरीबाहेर

पंचगंगा, सुंदर. उलट दिशेचा मालही रानजाईने पाहिलेल्याच संग्रहालयात आहे. पॉम्पेईत १९३८मध्ये सापडलेली हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती. तेरला आणि भोकरदनला तिच्यासारख्या मूर्ती मिळाल्या आहेत.

कोरीव

तेर, भोकरदन छानच, पण मूळ प्रश्नावर येतो, कारण ओतकाम आणि रानजाई यांचे प्रतिसाद वाचून मला माझा मुद्दा अधिक नेमका मांडायचाय.

'रोमन प्रत' हा शब्दप्रयोग वाईट ठरला तो संगमरवरामुळे. ब्राँझ आतून पोकळ आणि चिवट, त्यामुळे पुतळा दोन घोट्यांवर उभा राहतो, हात मोकळा पुढे येतो. तीच घडण संगमरवरात करायची तर घोटा तुटतो. म्हणून पायाशी झाडाचा बुंधा आणि मनगटापासून कमरेपर्यंत दगडाची दांडी. पॉम्पेईच्या डोरिफोरॉसचा बुंधा पाहा, नजर तिथे अडकते. २०१७च्या प्रदर्शनात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमचा थाळीफेक्या आला होता, ग्रीक शिल्पकार मायरॉनच्या ब्राँझवरून केलेला. त्याचं डोकं अठराव्या शतकात चुकीच्या दिशेने बसवलंय. तो जमिनीकडे बघतो, मायरॉनचा मागे वळून थाळीकडे बघत होता. अशा प्रतींवरून मूळ शोधायचं काम जर्मन पुरातत्त्वज्ञ फुर्टवेंग्लरसारख्यांनी १८९३पासून मोठ्या हिंमतीने केलं, आणि त्यात प्रतीचा कर्ता बाजूला पडला.

ब्राँझमधून ब्राँझमध्ये उतरलेल्या कामाला हे लागू नाही, हे मला पटतं. त्याला दुय्यम म्हणू नये. पण देहाचा शोध पॉलिक्लायटसचा, यावरून मी हलणार नाही.

रानजाई

कोरीव, आता आपलं अंतर फार राहिलं नाही. एक गोष्ट मात्र अजून बोललो नाही. पॉलिक्लायटसने पूर्ण देह केला होता. अपोलोनिओसने मान आणि खांद्यांपाशी थांबून त्याचा हर्म केला. त्याच हवेलीत या शीराला जोडी म्हणून अॅमेझॉन योद्धीचं ब्राँझ शीर मिळालं. तीही मुळात पूर्ण पुतळा. प्लिनीच्या गोष्टीत इफेससला अॅमेझॉनसाठी स्पर्धा लागते, प्रत्येक शिल्पकार स्वतःला पहिला आणि पॉलिक्लायटसला दुसरा नंबर देतो आणि त्यामुळे पॉलिक्लायटस जिंकतो. भालाधारी आर्गोसच्या शिल्पकाराचा, अॅमेझॉन इफेससची, मुळात दोघं शेजारी असल्याचं कुठे ऐकिवात नाही. त्यांना समोरासमोर आणलं ते या घरमालकाने आणि त्याच्यासाठी ओतणाऱ्याने. शीर एकटंच बघायचं म्हटल्यावर केसांची बट न् बट एवढी धारदार का करावी लागली, तेही यातून कळतं. पुतळ्याचं डोकं उंचावर असतं, हर्मचं माणसाच्या डोळ्यांसमोर.

म्हणून पाटी लिहायची वेळ आली तर मी लिहीन : अथेन्सच्या अपोलोनिओसचं काम, पॉलिक्लायटसच्या भालाधाऱ्यावरून.

कोरीव

मी लिहीन : पॉलिक्लायटसचा भालाधारी, अथेन्सच्या अपोलोनिओसच्या हातचा.

ओतकाम

दोन्ही पाट्या लावा. आणि धातूत शिसं किती ते खाली बारीक अक्षरात लिहा, आमच्यासाठी.

पंचगंगा

ओतकाम, येत्या रविवारी टाउन हॉलला येताय का? पॉसायडनचे पाय नीट बघून सांगा, भरीव ओतलाय की पोकळ.